जुनं रिव्हॉल्व्हर गोव्यात घेताना, पुसताना, चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यात माझ्या घरी लायसन्सवर घेतलेलं एक जुनं .३२ बोरचं (बोर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप), मधोमध मोडून, म्हणजे बिजागरीवर नळी खाली झुकवून उघडणारं रिव्हॉल्व्हर आहे. ते घेऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे लोक मला तेच तेच प्रश्न विचारत आले आहेत. अर्धवट माहितीवर कुणी पैसे घालवू नयेत आणि कुणाच्या हाताला इजा होऊ नये, म्हणून ही उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

आधी रिव्हॉल्व्हर पसंत करून मग लायसन्स काढलं तर चालेल का?

नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे लायसन्स हातात येण्याआधी शस्त्र ताब्यात घेणं हाच गुन्हा आहे. अर्ज आपल्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करायचा. वय २१ पूर्ण हवं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वैयक्तिक अर्ज ए-१ नमुन्यात करतात आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. पोलिसांची चौकशी होते, आणि तिला लागायचा तो वेळ लागतो. त्या काळात दुकानदाराला बयाणा देऊन अडकून पडू नका. लायसन्स मिळालं की खरेदीला मुदत असते. तेवढ्यात शस्त्र घेऊन ते दाखवायचं आणि त्याचा नंबर लायसन्सवर चढवून घ्यायचा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि लायसन्सची मुदत पाच वर्षांची झाली आहे. शेतीच्या राखणीसाठी घरात एकनळी, दुनळी असेल तर तीही या दोनांत धरली जाते. हे सत्तरी, सांग्याकडच्या बागायतदारांनी खास लक्षात ठेवावं. पीक-राखणीचं लायसन्स आहे म्हणून त्यावर रिव्हॉल्व्हर मिळत नाही. त्याचं कारण वेगळं द्यावं लागतं आणि ते पटवूनही द्यावं लागतं.

कोणत्या बोरचं घ्यावं?

सामान्य नागरिकाला .३२ हाच व्यवहार्य पर्याय आहे. .३८ आणि .४५५ बोरची रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित बोरमध्ये मोडतात. महायुद्धाच्या काळातली भारदस्त ब्रिटिश वेब्ली पाहून जीव कितीही ओढ घेऊ दे, ती आपल्यासाठी नाही. जुन्या मालात .३२ ची वेब्ली अँड स्कॉट, स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट ही तीन नावं जास्त ऐकू येतात. त्यांच्यासोबत कानपूरच्या सरकारी कारखान्याची रिव्हॉल्व्हरं आहेतच. तीही वेब्लीच्याच धर्तीवर मोडून उघडतात.

जुनं विलायती रिव्हॉल्व्हर नव्या देशीपेक्षा महाग कसं?

१९८० च्या दशकात सामान्य नागरिकासाठी विलायती शस्त्रांची आयात बंद झाली. देशात आधीपासून होता तेवढाच माल हातोहात फिरत राहिला. मागणी मात्र कमी झाली नाही. कानपूरचं 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर २०१४ साली बाजारात आलं तेव्हा सुमारे सव्वा लाखाला होतं आणि जुन्या वेब्लीसाठी लोक त्याच्या कितीतरी पट मोजत होते. यातला मोठा भाग नावाचा असतो. माझं स्पष्ट मत सांगतो: विलायती नावाच्या झिजलेल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा चांगल्या अवस्थेतलं देशी रिव्हॉल्व्हर दहा वेळा बरं. नळीवरचं नाव गोळी सरळ मारत नाही, सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) योग्य क्षणी योग्य जागी अडकलं तर ती सरळ जाते.

दुकानातून घ्यावं की ओळखीच्या माणसाकडून?

दोन्ही चालतं. खाजगी व्यवहारात मात्र विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीचा हेतू लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याकडे त्याचं स्वतःचं लायसन्स हवंच. 'आत्ता घेऊन जा, कागद मागाहून करू' असं सख्खा मामा म्हणाला तरी नाही म्हणा. नंबर पुसलेलं, घासलेलं किंवा पुन्हा ठोकलेलं शस्त्र हातातसुद्धा घेऊ नका. ओळखीची खूण मिटवलेलं शस्त्र बाळगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आजोबांच्या पेटीत पोर्तुगीज काळातलं रिव्हॉल्व्हर सापडलं. ते अँटिक म्हणून ठेवता येईल का?

हा प्रश्न गोव्यातच जास्त येतो. पोर्तुगीज सैन्यात १८७८ आणि १८८६ च्या नमुन्याची, बेल्जियमच्या अबादी पद्धतीची ९.१ मिलिमीटरची रिव्हॉल्व्हरं होती. जुन्या वाड्यांत तशा वस्तू निघाल्या तर नवल नाही. पण वस्तू जुनी आहे एवढ्यावर लायसन्समधून सुटका होत नाही. दुरुस्त करूनही जिच्यातून गोळी सुटू शकणार नाही, अशाच शस्त्राला कायद्याने सूट दिली आहे, आणि ते ठरवणं आपल्या हातात नसतं. पोर्तुगीज राजवटीतली लिसेंस चौकटीत लावून ठेवण्यासारखी असेल, पण आज ती परवाना म्हणून चालत नाही.

घोडा (मागचा हातोडा) ओढून पाहू नका, चाप (बोटाने दाबायचा ट्रिगर) दाबून पाहू नका. आत काडतूस नसेल असं गृहीत धरणं सर्वांत धोक्याचं. पेटी होती तिथेच ठेवा, मुलांना खोलीबाहेर काढा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. लायसन्स नसलेलं शस्त्र विनाविलंब पोलिसांकडे किंवा लायसन्सधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कायद्यातच आहे. स्वतःहून गेलेल्या माणसाची बाजू नेहमी भक्कम असते.

आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर चालू लायसन्स असेल तर गोष्ट वेगळी. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाला अर्ज करता येतो. मालक हयात असतानाही, त्यांना ७० वर्षं पूर्ण झाली असतील किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षं असेल, तर वारसाच्या नावाने लायसन्स मागता येतं. मृत्यूनंतरच्या धावपळीत हे विसरलं जातं आणि शस्त्र महिनोन्‌महिने कपाटात बेकायदा पडून राहतं. म्हणून वडीलधारे असतानाच हा विषय काढावा.

विकत घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

यावर मी सर्वांत जास्त बोलतो, कारण चुकीची खरेदी इथेच होते. विकणाऱ्याची परवानगी घेऊन आधी रिव्हॉल्व्हर उघडा. सिलिंडरमधली काडतुसांची सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. नळीचं तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे ठेवून मगच पुढचं.

पहिली गोष्ट सिलिंडरची. डाव्या हाताच्या बोटाने सिलिंडरला अगदी हलका अडसर करत घोडा हळूहळू मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर 'टक' करून जागी बसलं पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून हलवून बसवावं लागतं आहे, तर आतला फिरवणारा दांडा झिजलाय. मग गोळी नळीत सरळ शिरत नाही आणि शिशाचे कण बाजूला उडतात. एकाच घरावर समाधान मानू नका. सहाच्या सहा घरं तपासा, कारण सहापैकी एखादंच घर मागे पडतं. जुन्या कोल्टचं सिलिंडर चाप दाबून धरल्यावर जवळजवळ हालत नाही. वेब्ली आणि स्मिथमध्ये किंचित हालचाल असते, ती दोष समजू नये.

मग घोडा ताणून ठेवा आणि चापाला हात न लावता अंगठ्याने त्याला मागून बेताने ढकला. घोडा सुटला तर ते रिव्हॉल्व्हर परत द्या आणि दुकानाबाहेर पडा. यात घासाघीस करण्यासारखं काही उरत नाही.

सिलिंडर पुढे-मागे हलवून पाहा. नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडर यांच्यातली फट साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असावी. गॅरेजवाले टॅपेटसाठी फीलर गेज वापरतात, तीच पट्टी इथे चालते. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची आणखी एक परीक्षा आहे. बंद करून एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात नळी धरा आणि वर-खाली हलवा. बिजागरीपाशी किंवा वरच्या कडीपाशी खुळखुळ जाणवली तर ती दुरुस्ती खर्चिक आणि बेभरवशाची असते.

नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. मोडणाऱ्या प्रकारात हे सोपं आहे. इतर प्रकारांत सिलिंडर बाहेर काढून मागच्या बाजूला पांढरा कागद धरा. आतल्या पेचदार रेघा स्वच्छ, धारदार दिसायला हव्यात. बारीक खड्डे असतील तर नेम थोडा बिघडेल, नळी साफ करायला वेळ जास्त लागेल, पण चालवता येतं. आत काळं गोल कडं दिसलं तर मात्र थांबा. कधीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेली आणि नळी तिथे फुगली, असा त्याचा अर्थ. तसं घेऊ नये.

शेवटी रंग. चकाचक निळ्या रंगाला भुलू नका. नव्याने रंगवलेल्या रिव्हॉल्व्हरची अक्षरं बोथट दिसतात आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा खोलगट झालेल्या असतात. स्मिथचा घोडा आणि चाप मुळात निळे नसतात. ते निळे दिसले तर रंग नंतरचा आहे. स्क्रूंची डोकी चिंधडलेली असतील तर कुणीतरी अडाणी हाताने आत शिरलं होतं. हाताळून फिकट पडलेला पण मूळचा रंग मला नव्या रंगापेक्षा कितीतरी विश्वासाचा वाटतो.

.३२ लिहिलेलं कोणतंही काडतूस चालतं का?

नाही, आणि या गैरसमजाने मोठं नुकसान होऊ शकतं. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस. .३२ पिस्तुलाचं ७.६५ मिलिमीटरचं काडतूस वेगळं. त्याची कडा वेगळी आणि दाबही जास्त. ते रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरेलही, तरी झाडायचं नाही. जुन्या लहान .३२ साठीचं आखूड काडतूस लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं, पण आखूड काडतुसासाठी घडवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये लाँग घालायचं नाही. नळीवरचा ठसा आणि लायसन्स दोन्ही दुकानदारासमोर ठेवा. आपल्याकडे मिळणाऱ्या काडतुसांच्या बुडावर बहुधा खडकीच्या कारखान्याचा 'केएफ' ठसा असतो. किती काडतुसं घेता येतील तो आकडा लायसन्सवर लिहिलेला असतो.

एकोणिसाव्या शतकातलं रिव्हॉल्व्हर जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूसाठी (ब्लॅक पावडर) घडवलेलं असू शकतं. त्यात आजचं काडतूस घालू नये. शोभेसाठी, कायद्यात बसत असेल तरच, ठेवावं.

पहिल्यांदा झाडताना काय काळजी घ्यावी?

त्याआधी ते लायसन्सधारक दुरुस्ती मिस्त्रीकडून तपासून घ्या. शस्त्र दुरुस्त करायलाही लायसन्स लागतं. त्यामुळे गल्लीतल्या लेथवाल्याकडे ते नेऊ नका, त्याचा हात कितीही कसबी असो.

नेमबाजी फक्त मान्यताप्राप्त रेंजवर. कुळागरात, खाणीच्या खड्ड्यात, नदीकाठी नाही. रानडुक्कर आणि गवे यांच्यासाठीही नाही, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. आणि शिगम्यात, लग्नात, चवथीला हवेत बार काढणं तर बिलकुल नाही. आनंदाच्या भरात लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आवाजच हवा असेल तर आपली गरनाळ आहे.

रेंजवर कानाला आणि डोळ्याला संरक्षण लावा. पहिल्यांदा एकच काडतूस भरा. ते झाडून रिकामी पुंगळी पाहा: काडतुसाच्या बुडावर पिनचा घाव मधोमध बसला का, पुंगळी चिरली का, बाजूला शिसं उडालं का. सगळं ठीक असेल तर दोन, मग पाच. पाचच, कारण जुन्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसावर टेकतो आणि खाली पडलं तर बार उडू शकतो. घोड्याखालचं घर रिकामं ठेवणं ही जुन्या माणसांची सवय योग्यच होती.

बोटं सिलिंडरच्या पुढच्या फटीपासून लांब ठेवा, तिथून गरम वायू आणि शिसं बाहेर पडतं. पिस्तूल धरणाऱ्यांना अंगठे पुढे ठेवायची सवय असते, ती इथे भाजून काढते. दोन्ही हातांनी धरा, दुसरा हात मुठीभोवती, मुठीखाली बशीसारखा नाही. सुरुवात पाच-सात मीटरवरून करा आणि घोडा हाताने ताणून झाडा. तेव्हा चाप हलका लागतो. नुसता चाप ओढून झाडताना जोर दुप्पट-तिप्पट लागतो आणि नवशिक्याचा नेम तिथेच खाली जातो.

चाप दाबला, पण बार उडाला नाही किंवा फुसका आवाज आला तर?

उडाला नाही तर नळी निशाणाकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबा, मग उघडा. दारू कधीकधी उशिरा पेटते.

फुसका बार याहून वाईट. आवाज दबका आला, धक्का कमी जाणवला तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढची गोळी झाडली तर नळी फुटते. रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहिल्याशिवाय दुसरं काडतूस भरायचं नाही. रेंजवर माझ्या शेजारच्या माणसाने घाईत पुन्हा चाप दाबायला बोट नेलं होतं. मी ओरडलो आणि तो थांबला. नळीत गोळी अडकलेलीच होती.

साफसफाई कशी करायची?

झाडलं त्याच दिवशी, घरी पोहोचल्यावर. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मगच टेबलावर बसा. नळीत साफ करायचं द्रावण लावून दहा मिनिटं सोडा, मग पितळी ब्रश फिरवा. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये ब्रश मागून घालता येतो, हा त्याचा मोठा फायदा. इतरांत पुढूनच घालावा लागतो, तेव्हा सळई नळीच्या तोंडाला घासू देऊ नका. त्या काठावर चरा पडला की नेम गेला. मग चिंधी पांढरी निघेपर्यंत फिरवा. प्रत्येक घर वेगळं साफ करा. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या खालची जागा टूथब्रशने नीट झाडा. तिथे न जळलेले दारूचे चार कण राहिले तरी सिलिंडर अडतं. म्हणून पुंगळ्या काढताना नळीचं तोंड वर ठेवावं.

काडतुसं खूप जुनी असतील तर त्यांच्या टोपीतल्या (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागातल्या) रसायनातून नळीत क्षार उरतात. तेलाने ते विरघळत नाहीत, पाण्यानेच विरघळतात. मूठ काढून नळी आणि सिलिंडरमधून कढत पाणी ओता, पूर्ण कोरडं करा, मग तेल लावा. लोखंडाला पाणी लावायचं म्हटलं की लोक घाबरतात. पण मीठ राहिलं तर आठ दिवसांत नळीची वाट लागते, आणि खाऱ्या हवेत आठ दिवससुद्धा लागत नाहीत.

तेल अगदी थोडं. बंदुकीचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि थंडीत गोठतं. काडतुसांच्या घरात तेल साचू देऊ नका, ते टोपीत मुरलं तर काडतूस फुकट जातं. बाजूची पट्टी उघडून आत शिरू नका, ते मिस्त्रीचं काम. आणि शेवटी साबणाने हात धुवा, शिसं पोटात जाऊ नये.

पावसाळ्यात गंज येऊ नये म्हणून काय करावं?

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी येते, मग पोलादाचं काय होणार! किनाऱ्याजवळ त्यात खारा वारा.

चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातलं कमावणीचं रसायन पोलादाला खातं. मी पहिल्या वर्षी म्यानात ठेवलं आणि गणेशचतुर्थीच्या सुमारास काढलं तेव्हा सिलिंडरच्या एका अंगाला तांबूस पट्टा उमटला होता. त्याची फिकट खूण आजही आहे. तेव्हापासून तेलकट सुती कापडात गुंडाळून लोखंडी पेटीत कुलूपबंद, सोबत सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ते वेगळ्या भांड्यात तापवून सुकवायचं, स्वयंपाकाच्या तव्यावर नाही. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी काढून पुसायचं. कुणी हात लावला तर लगेच पुसायचं, घामातही मीठ असतं. काडतुसं वेगळ्या कुलपात.

वरवरचा गंज आलाच तर अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने चोळा. पॉलिश पेपर नको, पितळेची पॉलिश नको, दोन्हींनी मूळ रंग जातो.

पत्रादेवीपलीकडे, सावंतवाडीला घेऊन जाता येईल का?

लायसन्सवर कोणतं क्षेत्र लिहिलं आहे ते पाहा. फक्त गोवा लिहिलं असेल तर पत्रादेवी, मोले किंवा पोळेचा नाका ओलांडताच तुमचं शस्त्र विनापरवाना ठरतं. नातेवाईक बांद्याला राहतात हे कारण चालत नाही. क्षेत्र वाढवून घेता येतं, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

निवडणुकीच्या वेळी जमा करावं लागतं, तेव्हा काय करू?

आचारसंहिता लागली की जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. मुदत वाचा आणि त्याआधीच जा. सूट हवी असेल तर कारण देऊन वेळेत अर्ज करा. नेण्याआदल्या रात्री रिव्हॉल्व्हर नेहमीपेक्षा जाड तेल लावून, कोरड्या कापडात गुंडाळून द्या, कारण ते कित्येक आठवडे कुणी उघडणार नाही. म्यान घरीच ठेवा. पावतीवर नंबर, बोर आणि काडतुसांची संख्या तिथेच उभं राहून ताडून पाहा. परत मिळाल्यावर तेल पूर्ण पुसा, विशेषतः नळीतलं आणि घरांतलं, आणि सिलिंडर सहा वेळा फिरवून प्रत्येक घर जागी अडकतं का ते पुन्हा एकदा बघा.